अ‍ॅडव्हान्टेज कसा द्यावा आणि तो मैदानाला कसा कळवावा: नव्या फुटबॉल पंचांसाठी

फाउल झालेला आहे, पंचाने तो स्पष्ट पाहिलेला आहे आणि तरीही शिटी वाजलेली नाही, अशा दोन-तीन सेकंदांत नव्या पंचाची खरी कसोटी लागते. पडलेला खेळाडू हात पसरून पंचाकडे पाहतो, बाजूरेषेपाशी उभा असलेला प्रशिक्षक ओरडू लागतो आणि प्रेक्षकांना वाटते की पंचाचे लक्षच नव्हते. पंचाने मनात काय ठरवले आहे हे त्या घडीला त्याच्याखेरीज कोणालाही ठाऊक नसते. म्हणून अ‍ॅडव्हान्टेज देणे, म्हणजे फाउल झालेल्या संघाच्या लाभासाठी शिटी न वाजवता खेळ चालू ठेवणे, हे काम अर्धे निर्णयाचे आहे आणि अर्धे तो निर्णय कळवण्याचे आहे. नवखे पंच बहुधा या दुसऱ्या अर्ध्यात अडखळतात. ते एकतर खूण करायला विसरतात, नाहीतर निर्णय पक्का होण्याआधीच दोन्ही हात पुढे करून मोकळे होतात. शालेय, महाविद्यालयीन किंवा स्थानिक स्पर्धांत पंचगिरीला नुकतीच सुरुवात केलेल्यांनी हे काम टप्प्याटप्प्याने कसे करावे, ते पुढे मांडले आहे.

नियमाची चौकट

फुटबॉलचे नियम आयएफएबी हे मंडळ ठरवते आणि अ‍ॅडव्हान्टेजचा अधिकार पंचाविषयीच्या पाचव्या नियमात दिलेला आहे. त्याचा आशय असा की, नियमभंग घडला असला तरी खेळ चालू ठेवल्याने ज्या संघावर अन्याय झाला त्याचाच लाभ होणार असेल, तर पंच खेळ चालू ठेवतो. आणि अपेक्षित लाभ त्या वेळी किंवा पुढच्या काही सेकंदांत पदरात पडला नाही, तर तो मूळ नियमभंगाची शिक्षा देतो. यातला पहिला भाग जुना आहे. आक्रमण करणाऱ्या संघाचे नुकसान होऊ नये म्हणून फ्री किक न देता शिटी रोखून धरण्याची मुभा पंचाला १९०३ सालापासून आहे. मागे फिरून मूळ फाउल देण्याची मुभा मात्र १९९६ मध्ये आली. तोवर एकदा सोडलेला फाउल सोडलेलाच राहत असे, आणि त्यामुळे पंच अ‍ॅडव्हान्टेज देताना हात आखडता घेत.

काही सेकंद म्हणजे नेमके किती, हे नियमात आकड्याने सांगितलेले नाही. व्यवहारात दोन ते तीन सेकंद धरले जातात. रग्बीत हा अवधी बराच लांबू शकतो, त्यामुळे तो खेळ आवडीने पाहणाऱ्यांनी तिथली सवय फुटबॉलच्या मैदानावर आणू नये. फाउल मध्यरेषेपाशी झाला, पुढे चार पास झाले, चेंडू कोपऱ्यात गेला आणि तिथे हरवला, म्हणून पंच मध्यरेषेकडे बोट दाखवू लागला, तर तो दोन्ही संघांचा विश्वास एकाच वेळी गमावतो.

पहिला टप्पा: शिटी तोंडापासून दूर ठेवणे

शिटी हातात धरून धावावे. ही सूचना किरकोळ वाटते, परंतु बाकी सारे तिच्यावर उभे आहे. शिटी ओठांत असली की टक्कर दिसताच श्वास आपोआप बाहेर पडतो आणि निर्णय डोक्याऐवजी फुप्फुसे घेतात. शिटी हातात असली की ती तोंडापर्यंत नेण्यात जो क्षण जातो, तोच पंचाला चेंडूचे पुढे काय होते ते पाहण्यासाठी मिळतो. एकदा वाजलेली शिटी मागे घेता येत नाही. ती वाजताच खेळ थांबलेला असतो, मग त्यानंतर चेंडू जाळ्यात जाऊन विसावला तरी उपयोग नसतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण १७ मे २००६ रोजी झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याचे आहे. पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्सवर बार्सिलोना आणि आर्सेनल समोरासमोर होते. अठराव्या मिनिटाला बार्सिलोनाचा सॅम्युएल एटो गोलरक्षक येन्स लेहमानला ओलांडून जाऊ पाहत असताना लेहमानने त्याला पेनल्टी क्षेत्राच्या किंचित बाहेर पाडले. सुटलेला चेंडू लुदोविक ज्युलीकडे गेला आणि त्याने तो रिकाम्या गोलमध्ये ढकलला. मात्र नॉर्वेचे पंच तेर्ये हाउगे यांची शिटी त्याआधीच वाजली होती. गोल रद्द, लेहमानला लाल कार्ड आणि बार्सिलोनाला क्षेत्राबाहेरून फ्री किक असा निर्णय झाला; रोनाल्डिन्योने ती किक बाहेर मारली. दहा खेळाडूंच्या आर्सेनलने पुढे सोल कॅम्पबेलच्या हेडरवर आघाडीही घेतली आणि बार्सिलोनाला सामना २-१ असा फिरवण्यासाठी शेवटची पंधरा मिनिटे उजाडावी लागली. आपण आणखी काही क्षण थांबायला हवे होते, म्हणजे गोल देता आला असता आणि पिवळ्या कार्डावर भागले असते, हे हाउगे यांनी सामन्यानंतर स्वतःच सांगितले.

नियमाच्या कसोटीवर हाउगे यांचे काही चुकले नव्हते. फाउल होता, गोलची उघड संधी हिरावली गेली होती, लाल कार्डही योग्य होते. हुकला तो केवळ वेळ, आणि त्यामुळे ज्याचा गोल गेला तो संघ आणि ज्याचा गोलरक्षक गेला तो संघ, दोघेही नाराज झाले. अंतिम सामन्याच्या दर्जाच्या पंचाकडून असे घडू शकते, तर नवख्याने शिटीच्या बाबतीत किती सबुरी बाळगावी, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा टप्पा: लाभ आहे की नुसता चेंडू आहे, हे ओळखणे

चेंडू त्याच संघाकडे राहिला म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज झाला, हा सर्वांत पसरलेला गैरसमज आहे. पंचाने स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या संघाला आत्ता फ्री किक हवी असेल की हा चेंडू? स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रापाशी बचावपटूला पाठीमागून धक्का बसला आणि तो अडखळत का होईना चेंडू राखून उभा राहिला, तरी त्याच्यासमोर दोन विरोधक दबा धरून असतील तर त्याला निवांत फ्री किकच हवी असते. तिथे हात पुढे करणारा पंच त्याचे भले करत नाही.

नियमपुस्तकातील मार्गदर्शक सूचना पंचाला चार गोष्टी तपासायला सांगतात: फाउल किती गंभीर आहे, तो कुठे झाला, लगेच आशादायक चढाई होण्याची शक्यता किती आहे आणि सामन्यातले वातावरण कसे आहे. विरोधी गोल जितका जवळ, तितका अ‍ॅडव्हान्टेजचा उपयोग अधिक. चढाईची शक्यता जोखताना चेंडू पायाला चिकटून आहे की दोन मीटर पुढे सुटला आहे, खेळाडूचे तोंड गोलकडे आहे की बाजूरेषेकडे आणि समोर किती बचावपटू व जोडीला किती साथीदार आहेत, एवढे एका नजरेत पाहता आले पाहिजे. हे वाचताना लांबलचक वाटते, परंतु सरावाने ते एकाच दृश्यात दिसू लागते.

मैदानाची अवस्था कोणत्याही यादीत नसते, पण आपल्याकडे ती मोजावीच लागते. जुलैमध्ये मुंबईतल्या एखाद्या चिखल झालेल्या मैदानावर डाव्या बगलेत फाउल होतो आणि पडता पडता खेळाडू चेंडू मधल्या साथीदाराकडे सरकवतो, असे समजा. हिरवळीवर तो पास तीन पावलांत पोहोचला असता आणि पंचाने निःशंकपणे हात पुढे केले असते. इथे मध्ये पाण्याचे डबके आहे. चेंडू त्यात शिरतो, जागीच फिरतो आणि थांबतो, तोवर बचावपटू येऊन पोहोचतो. सामन्याआधी मैदानाची फेरी मारताना अशा जागा पाहून ठेवणाऱ्या पंचाला चेंडू डबक्याच्या दिशेने निघालेला दिसताच आपला निर्णय कळलेला असतो.

वातावरणाचा निकष तर पंचाला बहुधा पहिल्या पंधरा मिनिटांतच उलगडतो. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर दोन तालीम संघांचा सामना असतो, तेव्हा गॅलरीतली ईर्ष्या खेळाडूंच्या पायांत उतरलेली असते. तिथे मध्यक्षेत्रातला एखादा आडदांड टॅकल केवळ चेंडू साथीदाराकडे गेला म्हणून सोडून दिला, तर पुढच्याच क्षणी त्याची परतफेड होण्याची भीती असते. अशा वेळी शिटी वाजवून, दोघांना वेगळे करून, चार शब्द सुनावून खेळ पुन्हा सुरू करणे हाच त्या संघाचा आणि सामन्याचा लाभ असतो. माझ्या मते नवख्या पंचाने पहिल्या काही सामन्यांत मध्यरेषेच्या मागचे बहुतेक फाउल सरळ शिटी वाजवून द्यावेत आणि अ‍ॅडव्हान्टेज विरोधी अर्ध्यासाठी राखून ठेवावा. तसे केल्याने खेळ थोडा तुटक होतो, पण हाताबाहेर जात नाही.

काही प्रसंगी मात्र विचार करायची गरजच नसते. डोक्याला मार लागला असेल किंवा दुखापत गंभीर दिसत असेल, तर चेंडू कुठेही असो, खेळ थांबवावा. लाल कार्डाच्या लायकीचा धोकादायक टॅकल, हिंसक वर्तन किंवा आधीच पिवळे कार्ड मिळालेल्या खेळाडूचा दुसऱ्या पिवळ्या कार्डाचा नियमभंग घडला असेल, तर गोल करण्याची स्पष्ट संधी समोर नसताना अ‍ॅडव्हान्टेज देऊ नये.

तिसरा टप्पा: खूण

निर्णय पक्का झाला की तो अंगाने बोलावा. प्रचलित खूण अशी: दोन्ही हात कमरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत पुढे न्यावेत, तळवे उघडे ठेवावेत, आणि हे सर्व ज्या दिशेला चढाई चालली आहे तिकडे धावतानाच करावे. पूर्वी ही खूण दोन्ही हातांचीच मानली जाई. पण दोन्ही हात ताणून वेगाने धावणे अवघड असल्यामुळे २०१६-१७ च्या नियमपुस्तकापासून एका हाताची खूणही ग्राह्य धरली गेली. खेळ संथ असेल आणि फाउल सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला असेल, तर दोन हात बरे, कारण ते लांबच्या प्रेक्षकालाही दिसतात. पंच पूर्ण वेगात प्रतिचढाईमागे धावत असेल, तर एक हात पुरतो. एका हाताच्या खुणेत तो हात पुढे आणि खालून वर जाणारा असावा. तो बाजूला रोखला गेला तर थेट फ्री किकची दिशा दाखवल्यासारखे वाटते आणि डोक्यावर उभा गेला तर अप्रत्यक्ष फ्री किकचा भास होतो. दोन्ही गैरसमजांत खेळाडू थांबतात.

हात दोन-तीन सेकंदांत खाली यावेत. काही पंच पुढची वीस मीटर हात पसरूनच धावतात. त्यात त्यांचा वेगही जातो आणि मूळ फाउल देण्याची मुदत संपली की नाही, याचा संशयही राहतो. हात खाली आले म्हणजे ती मुदत संपली, असे खेळाडूंना हळूहळू समजू लागते.

खुणेला आवाजाची जोड द्यावी. नियमात शब्द ठरवून दिलेले नाहीत. आपल्याकडे ‘प्ले ऑन’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्टेज’ असे म्हटले जाते. माझी पसंती ‘अ‍ॅडव्हान्टेज, रेड!’ अशी संघाच्या रंगासह दिलेल्या हाकेला आहे, कारण तिच्यातून फाउल पाहिल्याचे, तो कोणाच्या बाजूने आहे हे आणि खेळ चालू असल्याचे, असे तिन्ही निरोप एकदम पोहोचतात. पाठमोऱ्या खेळाडूला हात दिसत नाहीत. त्याला केवळ आवाज कळतो. फाउल बसलेला खेळाडू जवळच असेल, तर जाता जाता ‘पाहिलंय मी, सहा नंबर’ एवढे बोलावे. त्याची निम्मी तक्रार तिथेच मिटते आणि सहा नंबरलाही कळते की आपली नोंद झाली आहे.

इथे एक पथ्य कसोशीने पाळावे. फाउल झालेलाच नसेल, तेव्हा अ‍ॅडव्हान्टेजची खूण करू नये आणि ‘प्ले ऑन’ही म्हणू नये. स्वच्छ टॅकलनंतर कोणी अपील केले तर मान हलवून ‘नो फाउल, चला’ म्हणावे. दोन्ही प्रसंगी एकच शब्द वापरणाऱ्या पंचाला अर्ध्या तासानंतर कोणी विचारले की तो फाउल होता की नव्हता, तर मैदानावर बावीस उत्तरे मिळतात. तसेच, ज्या धक्क्याला एरवीही शिटी वाजवली नसती अशा क्षुल्लक स्पर्शासाठी हात पुढे करू नयेत. सतत हात पसरणारा पंच फाउल मोजतो आहे पण देत नाही, असे दिसू लागते आणि टॅकल अधिक दांडगे होत जातात.

खूण करण्याची वेळ साधणे हे सर्वांत कठीण. फार लवकर केली तर लाभ झाला नाही म्हणून लगेच मागे फिरावे लागते. तसे करणे नियमात बसते, परंतु वारंवार घडले की पंच गोंधळलेला वाटतो. फार उशिरा केली तर बचावपटू शिटीची वाट पाहत थांबलेले असतात आणि ज्याला लाभ द्यायचा तोही थांबतो. मधला मार्ग असा की फाउल दिसताच मनात ‘एक’ मोजावे, पुढचा स्पर्श किंवा पुढचा पास कोणाच्या पायात जातो ते पाहावे आणि तो ठीक असेल तरच हात व आवाज एकाच वेळी वापरावेत. शंका असेल तर काहीच न करता आणखी एक क्षण पाहावे आणि मग गरज पडल्यास शिटी वाजवावी. खूण न करता थांबलेल्या पंचाने उशिरा वाजवलेली शिटी लोक चटकन स्वीकारतात. खूण करून वाजवलेल्या शिटीला कारण द्यावे लागते.

खूण झाल्यावर चेंडूमागे धावण्यापूर्वी फाउलच्या जागेवर एक नजर टाकावी. पडलेला खेळाडू उठतो आहे का आणि उठताना कोणाला लाथ घालतो आहे का, हे त्याच क्षणी दिसते.

मागे फिरताना

लाभ झाला नाही असे ठरले, तर शिटी जोरात आणि एकदाच वाजवावी, हाताने मूळ फाउलच्या जागेकडे स्पष्ट निर्देश करावा, मग दिशा दाखवावी. फ्री किक मूळ जागेवरूनच घ्यायची असते, चढाई जिथे फसली तिथून नाही. ‘लाभ नाही झाला, तिकडून’ असे मोठ्याने म्हणण्यात काही कमीपणा नाही.

परंतु मागे फिरण्याची मुभा म्हणजे दुसरी संधी देण्याची सोय नव्हे. आघाडीपटूला अ‍ॅडव्हान्टेजमुळे मोकळा फटका मारायला मिळाला आणि त्याने चेंडू गोलखांबावरून उडवला, तर त्याला लाभ मिळालेला आहे. तो त्याने वाया घालवला. तिथे फ्री किक देणे बचाव करणाऱ्या संघावर अन्यायाचे ठरते. फाउलमुळेच तोल गेलेला खेळाडू दोन पावले लडखडून पडला आणि चेंडू गेला, तर मात्र लाभ कधी झालाच नव्हता, म्हणून शिटी योग्य. या दोन प्रसंगांतला फरक सांगता आला तर प्रशिक्षकाने कितीही हुज्जत घातली तरी पंचाकडे उत्तर असते.

पेनल्टी क्षेत्रात

क्षेत्राच्या आत गणित बदलते. पेनल्टी किक ही एवढी मोठी संधी आहे की तिच्याहून सरस म्हणावा असा लाभ जवळजवळ एकच उरतो: समोरच, लगेच होऊ घातलेला गोल. त्यामुळे आघाडीपटूला क्षेत्रात पाडले गेले आणि चेंडू साथीदाराकडे गेला, तर साथीदार रिकाम्या गोलसमोर आहे का एवढेच पाहावे. तो कोपऱ्याकडे तोंड करून उभा असेल तर पेनल्टी द्यावी. इथे हात पुढे करण्याची घाई मुळीच करू नये. निश्चल राहून क्षणभर पाहावे, गोल झाला तर मध्यरेषेकडे निर्देश करावा, नाही झाला तर शिटी वाजवून पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवावे. उघडपणे हात पसरून मग पेनल्टी देणे नियमाविरुद्ध नाही, पण पंचाने आधी पेनल्टी नाकारली होती आणि मग दबावाखाली दिली, असा अर्थ अर्धे मैदान लावते.

क्षेत्राबाहेर धरायला सुरुवात करून बचावपटूने ते आत शिरेपर्यंत चालू ठेवले, तर नियमानुसार पेनल्टीच द्यावी लागते. म्हणून शर्ट ओढत असतानाही धावत राहिलेल्या आघाडीपटूच्या बाबतीत सबुरीने त्याचे दुप्पट भले होऊ शकते.

कार्डाचे काय

अ‍ॅडव्हान्टेज दिल्याने कार्ड माफ होत नाही. ज्या फाउलसाठी खेळ थांबवून पिवळे किंवा लाल कार्ड दाखवले असते, त्यासाठी ते चेंडू पुढच्या वेळी खेळाबाहेर गेल्यावर दाखवावेच लागते. याला दोन फाटे आहेत आणि परीक्षेत तसेच मैदानावर नवख्यांची गाडी तिथेच रुळावरून घसरते. फाउल आशादायक चढाई रोखणारा होता आणि अ‍ॅडव्हान्टेजमुळे ती चढाई चालू राहिली, तर केवळ चढाई रोखल्याबद्दलचे पिवळे कार्ड दिले जात नाही, कारण चढाई रोखली गेलेलीच नाही. तोच टॅकल बेपर्वा असेल, तर त्या बेपर्वाईचे पिवळे कार्ड मात्र राहते. दुसरा फाटा गोलची उघड संधी हिरावणाऱ्या फाउलचा: अ‍ॅडव्हान्टेज दिला गेला, तर लाल कार्डाऐवजी पिवळे दाखवले जाते. लेहमानचा प्रसंग आजच्या नियमात बसवून पाहिला, तर पंच थांबले असते तर गोल, पिवळे कार्ड आणि मध्यरेषेवरून किक-ऑफ, असा तो सुटला असता.

लाल कार्डाच्या फाउलवर स्पष्ट गोलसंधीपायी अ‍ॅडव्हान्टेज दिला आणि तोच दोषी खेळाडू चेंडू बाहेर जाण्याआधी पुन्हा चेंडू खेळला किंवा प्रतिस्पर्ध्याला भिडला, तर पंचाने तिथेच खेळ थांबवून त्याला बाहेर काढावे आणि विरोधी संघाला अप्रत्यक्ष फ्री किक द्यावी. त्याने याहून गंभीर काही केले असेल तर गोष्ट वेगळी.

उशिराचे कार्ड कळवणे ही स्वतंत्र कला आहे. फाउलनंतर मिनिटभराने, भलत्याच जागी, थ्रो-इनच्या वेळी पंच अचानक पिवळे कार्ड काढतो तेव्हा ते कशासाठी हे कोणालाच कळत नाही. म्हणून खेळाडूचा क्रमांक तोंडातल्या तोंडात घोकत राहावा, चेंडू बाहेर जाताच शिटी वाजवून खेळ रोखावा, त्या खेळाडूला बाजूला घ्यावे आणि कार्ड दाखवण्याआधी मूळ फाउल झालेल्या जागेकडे हात दाखवावा. खेळ मात्र ज्या कारणाने थांबला त्यानेच सुरू होतो: चेंडू बाजूरेषेबाहेर गेला असेल तर थ्रो-इननेच, फ्री किकने नाही. कार्डाइतका नसलेला फाउलही विसरू नये, कारण वारंवार फाउल करणाऱ्याच्या हिशेबात अ‍ॅडव्हान्टेज दिलेले फाउलही धरायचे असतात.

सहायक पंचांशी जुळवून घेणे

सामन्याआधीच्या बोलण्यात पंचाने सहायकांना एक वाक्य आवर्जून सांगावे: झेंडा उचलण्याआधी मला तो फाउल दिसला आहे का आणि मी अ‍ॅडव्हान्टेज दिला असता का, याचा विचार करा. नियमालाही हेच अपेक्षित आहे. सहायकाच्या जवळ फाउल झाला तर त्याने आधी पंचाकडे पाहावे. नजरानजर झाली आणि पंच धावत राहिला तर झेंडा खालीच राहू द्यावा व दोषी खेळाडूचा क्रमांक लक्षात ठेवावा. कार्डाच्या वेळी हा दुसरा साक्षीदार फार उपयोगी पडतो. वरच्या स्तरावर कानात यंत्रे असतात आणि ‘थांब, थांब... सात नंबर, पिवळे’ असे बोलणे चालू असते. स्थानिक सामन्यांत मान आणि डोळे यांच्यावरच भागवावे लागते. झेंडा वर गेलाच आणि पंचाला खेळ चालू ठेवायचा असेल, तर हात दाखवून तो खाली करायला सांगावे आणि अ‍ॅडव्हान्टेजची हाक नेहमीपेक्षा मोठ्याने द्यावी, कारण खेळाडूंनी झेंडा पाहिलेला असतो.

ऑफसाइडच्या बाबतीत हे रोज घडते. झेंडा वर आहे, पण चेंडू आरामात गोलरक्षकाच्या हातात आहे आणि त्याला तो लगेच फेकायचा आहे. पंचाने हात उंचावून झेंड्याची दखल घ्यावी आणि खेळू द्यावे.

शिटी वाजून गेल्यावर

लाभ होता आणि शिटी घाईने वाजली, असे लक्षात आले तरी सारे संपत नाही. संघाला झटपट फ्री किक घेऊ द्यावी. कार्ड द्यायचे असेल, परंतु पंचाने त्याची कारवाई सुरू केलेली नसेल आणि त्या झटपट किकमधून गोलची स्पष्ट संधी निर्माण होत असेल, तर कार्ड पुढच्या थांब्यापर्यंत लांबवण्याची मुभा २०१९ पासून आहे. मात्र एकदा बचावपटूंची भिंत मागे सरकवायला किंवा खेळाडूंशी बोलायला सुरुवात केली, की ‘शिटीवर’ असे शिटीकडे बोट दाखवून सर्वांना सांगावे आणि त्यानंतर शिटीवाचून किक घेऊ देऊ नये. ३ मार्च २०२३ रोजी बेंगळुरू येथे झालेल्या इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीच्या सामन्यात, अतिरिक्त वेळेत, केरळा ब्लास्टर्सचा संघ भिंत लावण्याच्या तयारीत असताना सुनील छेत्रीने झटपट फ्री किकवर गोल केला, पंचांनी तो दिला आणि केरळाचा संघ मैदान सोडून गेला. त्या निर्णयावर आजही वाद होतो. आपल्यापुरते पाहायचे तर, किक शिटीवर आहे की नाही हे त्या क्षणी प्रत्येकाला ठाऊक असायला हवे, आणि ते कळवणारा पंचाखेरीज दुसरा कोणी नसतो.

लहान मुलांचे आणि टर्फवरचे सामने

दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यात अ‍ॅडव्हान्टेज जपूनच वापरावा. पडलेले मूल रडत असते, बाकीची मुले आपसूक थांबतात आणि पंच एकटाच हात पसरून धावत राहतो. शिटी वाजवणे बरे. पुण्या-मुंबईतल्या पाच-पाच जणांच्या टर्फवर अंतर इतके कमी असते की लाभ आहे की नाही हे एका स्पर्शात कळते. तिथे तीन सेकंद थांबणे म्हणजे चेंडू एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत जाऊ देणे. जिथे सहायक पंचच नसतात त्या शालेय सामन्यांत आवाज हेच मुख्य साधन असते, म्हणून सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना बोलावून आपण कोणता शब्द वापरणार आहोत ते सांगून टाकावे.

सराव कसा करावा

टीव्हीवर सामना पाहताना समालोचनाचा आवाज बंद करावा, फाउल दिसताच ‘शिटी’ की ‘थांब’ असे मोठ्याने बोलावे आणि मग पडद्यावरचा पंच काय करतो ते पाहावे. काही आठवडे असे केले की ‘थांब’ म्हणण्याची सवय जिभेला लागते आणि जिभेची सवय हातातल्या शिटीपर्यंत पोहोचते. खूण आरशासमोर जागच्या जागी करून फारसा उपयोग होत नाही. मैदानावर धावता धावता, एका हाताने आणि दोन्ही हातांनी, हाक देत करून पाहावी. आणि कोणी मित्र बाजूरेषेवरून मोबाइलवर आपला सामना टिपून देणार असेल, तर त्याला कॅमेरा चेंडूवर न ठेवता पंचावर ठेवायला सांगावे. ते चित्रण आवाजाशिवाय एखाद्या तिऱ्हाइताला दाखवावे आणि प्रत्येक वेळी पंचाने काय ठरवले असेल, असे विचारावे. त्याची उत्तरे जिथे चुकतील, तिथे खूण उशिरा झाली आहे, अर्धवट झाली आहे किंवा झालेलीच नाही.